ठेवू का काढू

अशोक चौकातल्या आमच्या स्टुडिओत
दुपारी दोननंतर कुणी फिरकत नाही.
पंखा गरम हवाच ढवळत राहतो
आणि मी कॉम्प्युटरवर लोकांच्या चेहऱ्यांतलं
लोकांना नको असलेलं पुसत बसतो.

तिळाचे वीस.
व्रणाचे पन्नास.
रंग उजळायचा फुकट, तोही न सांगता,
ही बंडप्पा मालकांची शिस्त.

खळी मात्र कुणी काढायला सांगत नाही.
उलट नसलेली मागतात.
परवा जोडभावी पेठेतला एक पोरगा
मोबाईलमधली कुठलीशी नटी दाखवून म्हणाला,
बहिणीला अशी टाकून द्या की, एका गालाला तरी.
टाकली.
बहिणीनं फोटो बघितला, आपल्या गालाला बोट लावलं,
मग जागा चुकली की काय म्हणून
दुसऱ्या गालालाही लावून बघितलं.

मालकांच्या कानडीत ती गुळी, म्हणजे खड्डाच.
तेलुगूत सोट्ट,
पातेलं हातातून निसटल्यावर पडतो तो पोचा.
मराठी तेवढी लाडात येऊन खळी म्हणते,
तरी सुताला लावायची खळ तिला शेजारीच चिकटलेली.

भूलक्ष्मी बत्तूल आली ती विडी घरकुलातून,
दोन रिक्षा बदलून, आईबरोबर.
बोटांना तंबाखूचा वास, वेणीत अबोली.
स्थळाला पाठवायचा फोटो.
"नव्वु," आई म्हणाली, "नव्वु गं, हस."
ती हसली
आणि उजव्या गालावर पडली.

बंडप्पा गल्ल्यावरून उठून आले.
चहाचा पोऱ्या किटली घेऊन दारातच थांबला.
खळी बघितली की माणसं आधी स्वतः हसतात,
हे मी कॅमेऱ्यामागून कितीदा बघितलंय.
आई म्हणाली, मागच्या दोन्ही स्थळांना हीच आवडली होती.
पुढचं सोन्यावर अडलं.

संध्याकाळी स्क्रीनवर चौपट मोठी केली तेव्हा दिसलं.
खळीला काठ नसतो.
ती कुठून सुरू झाली ते दाखवता येत नाही.
हिच्या खळीला काठ होता,
आणि टाक्यांच्या खुणा. दोन सरळ, एक तिरकी.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच आली.
मी माऊस तिथं नेला.
ठेवू का काढू?

ती म्हणाली, धोटा.
चौथीत होते. माग चालू होता.
नायनांना डबा द्यायला वाकले नि धोटा उडाला.
मग महिनाभर नायना मागाला शिवले नाहीत.
मग शिवले. काय करणार.
टाके निघाल्यावर पहिल्यांदा हसले, तर आई रडली,
आणि शेजारच्या अनसूयम्मा ओरडल्या, अय्यो, सोट्टबुग्गा!
झालं. तेव्हापासून घरात खळीच आहे.
धोट्याचं नाव कुणी काढत नाही.

"स्थळाला सांगितलंय?"

"विचारतात कुठं?
पोरगी हसरी आहे म्हणतात,
नशिबाची आहे म्हणतात, एकाच गालाला असते ती नशिबाची म्हणे.
नायना तिथंच बसलेले असतात.
तेवढा वेळ छताकडे बघतात."

बाहेर कुणाचा तरी टेम्पो
चादरींचे गठ्ठे घेऊन वळणावर अडकला होता,
हॉर्नवर हॉर्न.
तिनं स्क्रीनवरच्या आपल्या गालाला
काच पुसावी तसं बोट फिरवलं.

"खळी राहू द्या.
काठ तेवढा मऊ करा.
आणि स्थळाचं नंतर बघू,
आधी एक कॉपी नायनांना दाखवायची आहे."

चाळीस मिनिटं लागली.
पुसायचं म्हटलं तर चार मिनिटांचं काम.
दोन सरळ गेल्या. तिरकी जाईना,
ती सावलीत ढकलली.

मालक पावतीपुस्तक घेऊन आले.
"व्रण का तीळ? काय लिहू?"
मी म्हटलं, काही नाही.
नुसता फोटो.